शब्दचर्चा : ‘अतिघन’ की ‘अतिसंहत’, आणि प्रकाशाचे ‘वक्रीभवन’ की ‘विचलन’?

भाषांतरकार : एका विज्ञानलेखाचे भाषांतर करताना अडलो आहे. जवळजवळ कृष्णविवराइतक्या आकुंचित, परंतु घटना क्षितिज (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा) नसलेल्या वस्तू, उदाहरणार्थ बोसॉन तारा किंवा ग्रॅव्हास्टार या अजून कल्पनेतच असलेल्या वस्तू, प्रकाशाला कृष्णविवरापेक्षा वेगळे वळण देतात, असा मूळ आशय आहे. मी ‘क्षितिजहीन अतिघन वस्तूंमुळे होणारे प्रकाशाचे वक्रीभवन’ असे लिहिले. संपादकांनी ‘अतिघन’ आणि ‘वक्रीभवन’ या दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली.

निवृत्त मास्तर : संपादकांचे बरोबर आहे. आम्ही लोलकाचा धडा ‘वक्रीभवन’ म्हणूनच शिकवला. ‘अपवर्तन’ नंतर आले. लोलकात रंग सुटे होतात, कारण प्रत्येक रंग निराळ्या कोनात वळतो; गुरुत्वाकर्षण मात्र सर्व रंगांना सारखेच वळवते. १९१९च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेजवळच्या ताऱ्यांचा जो सुमारे १.७५ विकलांचा फरक शोधायचा होता, तो या दुसऱ्या जातीचा. ‘विचलन’ लिहावे.

खगोलप्रेमी : ‘अतिघन’वर माझाही आक्षेप आहे. एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांइतके आहे. ते त्याच्या क्षितिजाने वेढलेल्या गोलाच्या आकारमानावर पसरून पाहिले, तर सरासरी घनता आपल्या हवेपेक्षाही कमी भरते. येथे महत्त्व घनतेला नसून वस्तुमान आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराला आहे. म्हणून ‘अतिसंहत’, म्हणजे वस्तुमानाच्या मानाने फार लहान जागेत मावलेले.

रसायनवाला : ‘संहती’ हा शब्द आमच्याकडे द्रावणाच्या तीव्रतेसाठी केव्हाच नोंदलेला आहे, तो आपण परस्पर उचलू नये.

गिरगावकर : मग ‘आटोपशीर’ का नको? आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांना आई आटोपशीरच म्हणत असे, आणि त्यांत सात माणसे मावत. संस्कृतच्या गाठोड्यातून प्रत्येक वेळी नवा शब्द काढण्याचा हा सोस मला कळत नाही.

खगोलप्रेमी : आटोपशीरपणात सोय आहे, गिरगावकर, येथे सोयीचा प्रश्न नाही. श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाच्या न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजाच्या त्रिज्येच्या, दीडपट अंतरावर प्रकाश वर्तुळाकार कक्षेत फिरू शकतो, आणि जी वस्तू या कक्षेच्याही आत मावते तिलाच हे विशेषण लागते. शिवाय ‘वेगळे वळण’ हे शब्दही तपासून घ्यावेत. न फिरणाऱ्या गोल वस्तूचा पृष्ठभाग स्पष्ट असेल, तर त्याच्या बाहेर अवकाशकालाची वक्रता तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवरासारखीच असते, त्यामुळे दुरून जाणारा किरण दोहोंजवळ सारखाच वळतो. फरक पडतो तो केंद्रापासून श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या सुमारे २.६ पटींपेक्षा कमी अंतराचा नेम धरून आलेल्या किरणांत : कृष्णविवर त्यांना गिळते, तर अंतर्भाग पारदर्शक असलेली क्षितिजहीन वस्तू त्यांना आतून वळवून पुन्हा बाहेर सोडते, आणि जेथे काळोख दिसायचा तेथे जादा प्रतिमा व बारीक वलये दिसू शकतात.

भाषांतरकार : म्हणजे ‘किरण परत देणाऱ्या वस्तू’ असेही म्हणता येईल?

निवृत्त मास्तर : पृष्ठभाग अपारदर्शक असेल तर ते खोटे ठरेल. त्यापेक्षा ‘हीन’कडे लक्ष द्या. ‘हीन’मध्ये उणेपणाचा वास आहे, ‘क्षितिजरहित’ तटस्थ आहे.

व्युत्पत्तिवेडा : ‘क्षितिज’ म्हणजे क्षितीपासून जन्मलेले. संस्कृतात ते मंगळाचेही नाव आहे आणि झाडाचेही, तेव्हा ‘क्षितिजरहित’चा अर्थ कोणी ‘वृक्षहीन’ असा लावला तर त्याला कोश आडवा येणार नाही. ‘अक्षितिजी’ सुटसुटीत आहे.

गिरगावकर : ‘बिनक्षितिजी’ का नाही? बिनपाण्याने होते, बिनविरोध होते, मग क्षितिजालाच कसला सोवळेपणा?

व्युत्पत्तिवेडा : ‘बिन’ फारसीमार्गे आला, असे आमचे गुरुजी सांगत.

निवृत्त मास्तर : गुरुजींना विचारावयास हवे होते, कारण संस्कृत ‘विना’ काही दूर नाही.

व्युत्पत्तिवेडा : ‘विना’पासून ‘बिन’ झाला असेल, तर मराठीत ‘व’चा ‘ब’ कोणत्या नियमाने झाला, हे मास्तरांनी आधी सांगावे.