‘द्वीप’ म्हणजे बेट का? हस्तिनापूरच्या जंबुद्वीपावरून

सांगलीकर :
आमच्या बस्तीतली पंचवीसेक मंडळी दिवाळीनंतर हस्तिनापूरला निघालीत. (बस्ती म्हणजे जिनमंदिर. पुण्यामुंबईकडच्यांनी ‘वस्ती’ वाचू नये.) बरोबर द्यायला चार पानांचं मराठी माहितीपत्रक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. समोर हिंदी पत्रक आहे, आणि मी पहिल्याच ओळीला अडलोय : ‘जम्बूद्वीप रचना’. (जैन ग्रंथांत विश्वाच्या मधोमध जो भूभाग सांगितलाय, तो दाखवणारी तिथली मोठी वास्तू.) कमिटीतले एक काका म्हणतात, सरळ मराठीत लिही की, ‘जांभळाच्या बेटाची प्रतिकृती’. कानाला खटकतंय, पण का खटकतंय ते काकांना पटेल असं सांगता येईना.
पुढे ‘तीन लोक रचना’ आहे. तसंच छापलं तर आमच्या गाडीत पहिला प्रश्न येणार, कोण तीन लोक?

शंकेखोर :
काकांचं काय चुकलं? द्वीप म्हणजे बेट, हे चौथीच्या भूगोलात शिकलो. लक्षद्वीप, द्वीपसमूह. जंबू म्हणजे जांभूळ. प्रतिकृती म्हणजे प्रतिकृती. उगाच संस्कृतला कुरवाळत बसायची हौस असते आपल्याला.

ओढ्याकाठी :
मला ‘जांभळाचं बेट’ वाचून वेगळंच दिसलं. आमच्याकडे बांबूचं बेट म्हणतात, केळीचं बेट म्हणतात. एका जागी दाटीनं उगवलेली झाडं म्हणजे बेट, त्याला पाण्याची गरज नाही. काकांची ओळ वाचून आमच्या आजीला वाटेल की हस्तिनापुरात जांभळीची राई लावलीय आणि तिच्या सावलीत डबे उघडायचेत.

व्युत्पत्तीवेडा :
ताईंनी नेमकं बोट ठेवलं. ‘बेट’ या मराठी शब्दात भर आहे तो वेगळेपणावर. भोवतालच्या सपाटीतून उठून दिसणारा पुंजका, मग भोवती पाणी असो की माळ. ‘द्वीप’चा जन्म मात्र पाण्यातूनच झालाय. द्वि + अप्. अप् म्हणजे पाणी. ज्याच्या दोन्ही अंगांना पाणी ते द्वीप. समासात ‘अप्’चा ‘ईप’ होतो, त्यासाठी पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे : ‘द्व्यन्तरुपसर्गेभ्योऽप ईत्’ (6.3.97). त्याच सूत्रातून अंतरीप येतं, प्रतीप येतं, आणि गंमत म्हणजे ‘समीप’ही येतं. पंक्तीत शेजारच्याच्या ‘समीप’ बसताना आपण मुळात पाणवठ्याला बसतो, हे कुणाच्या ध्यानात असतं?
प्राकृतात द्वीपचा ‘दीव’ झाला. गुजरातच्या टोकाचं दीव ते हेच, मालदीवमधला दीवही हाच. जैन आगमात, म्हणजे प्राकृत धर्मग्रंथांत, जंबुद्दीव.

शंकेखोर :
छान. पण दोन्हीकडे पाणी म्हणजे शेवटी बेटच ना?

व्युत्पत्तीवेडा :
इथंच खरी मेख आहे. जैन भूगोलातलं पहिलं द्वीप तेवढं ताटासारखं गोल आहे. ते जंबुद्वीप, व्यास 1 लाख योजनं (योजन हे लांबीचं जुनं माप). त्याला वेढून 2 लाख योजनं रुंदीचा लवणसमुद्र. त्याला वेढून 4 लाख योजनांचं धातकीखंड, मग 8 लाखांचा कालोद समुद्र, मग 16 लाखांचं पुष्करवर द्वीप, आणि असे असंख्य. प्रत्येक वेढा आधीच्याच्या दुप्पट. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात एका ओळीत सांगितलंय : ‘द्विर्द्विर्विष्कम्भाः पूर्वपूर्वपरिक्षेपिणो वलयाकृतयः’. वलय म्हणजे कडं; आपला बाळाच्या पायातला वाळा याच शब्दाचा. तर दुसऱ्या द्वीपापासून पुढे सगळी द्वीपं म्हणजे वाळे. आतल्या अंगाला एक समुद्र, बाहेरच्या अंगाला दुसरा. द्वि-अप्, अक्षरशः. वाळ्याच्या आकाराच्या जमिनीला मराठी माणूस बेट म्हणेल का?

शंकेखोर :
नाही म्हणणार. हा मुद्दा मान्य. पण मग जंबुद्वीपाला तुमची व्युत्पत्ती लागू पडत नाही. त्याला आत समुद्रच नाही.

व्युत्पत्तीवेडा :
बरोबर पकडलंत. तिथं ‘दोन्ही अंगांना’चा अर्थ ‘सगळीकडून’ असाच घ्यावा लागतो, नदीतल्या द्वीपाला घेतो तसा.

मेरठात मराठी :
मी नोकरीमुळे सहा वर्षं मेरठला आहे. हस्तिनापूर इथून 37-38 किलोमीटर. पाहुणे आले की तिकडे नेणं ठरलेलं, त्यामुळे ही वास्तू तोंडपाठ झालीय. जे दिसतं ते सांगतो.
250 फूट व्यासाची गोल, संगमरवरी मांडणी आहे. मधोमध फिकट गुलाबी दगडाचा 101 फुटी सुमेरू पर्वत (ग्रंथांतला मेरू तो हाच), आतून 136 पायऱ्या. वर जाऊन खाली पाहिलं की तत्त्वार्थातला तो अध्याय पायाशी पसरलेला : आडव्या सहा डोंगररांगा, हिमवन, महाहिमवन, निषध, नील, रुक्मी, शिखरी. त्यांनी पाडलेली सात क्षेत्रं, भरतापासून ऐरावतापर्यंत. नद्या, आणि ठिकठिकाणी इवली जिनमंदिरं. भोवती लवणसमुद्र, त्यात खरंखुरं पाणी आणि चक्क नावेची फेरी. आमच्या पोरांना मोक्षमार्गापेक्षा ती नाव जास्त आवडते.
आर्यिका (दिगंबर जैन साध्वी) ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेतून हे उभं राहिलं. 1972 मध्ये दिगंबर जैन त्रिलोक शोध संस्थान स्थापन झालं, 1979 मध्ये सुमेरू पुरा झाला, 1985 मध्ये सगळी रचना. मधल्या काळात, 4 जून 1982 ला, दिल्लीच्या लाल किल्ल्यावरून ‘जंबुद्वीप ज्ञानज्योती’ रथ निघाला होता; इंदिरा गांधींच्या हस्ते.
आता ‘प्रतिकृती’बद्दल. हिंदी पाट्यांवर सगळीकडे ‘रचना’च आहे आणि मला तो शब्द अचूक वाटतो. ग्रंथांप्रमाणे मेरू जमिनीवर 99 हजार योजनं उंच आणि जंबुद्वीप 1 लाख योजनं रुंद. म्हणजे उंची आणि रुंदी जवळपास सारखी. 250 फुटांच्या जंबुद्वीपात मेरू मापानं करायचा तर तो 247 फुटांच्या वर जायला हवा, आहे 101. उलट भरतक्षेत्राची रुंदी 526 आणि सहा एकोणिसांश योजनं, म्हणजे एकूण व्यासाचा 190 वा भाग. मापानं केलं तर आपला अख्खा भरत सव्वा फुटाच्या पट्टीत बसेल. तिथं मंदिर कुठं ठेवणार आणि गंगा कुठून काढणार? म्हणून ती प्रतिकृती नाही. क्रम, दिशा आणि नाती पाळून केलेली मांडणी आहे. रचना.

ओढ्याकाठी :
भरतक्षेत्र सव्वा फूट! आमच्या भावकीत बांधावरून चाललेली भांडणं आठवली.

सांगलीकर :
वा. ‘रचना’ ठेवतो. काकांना योजनांचा हिशेब दाखवला, गप्प झाले. पण ‘द्वीप’वर अजून अडून आहेत. आणि शुद्धलेखन? हिंदीत ‘जम्बू’, आमच्या जुन्या पूजेच्या पोथीत ‘जंबु’.

व्युत्पत्तीवेडा :
संस्कृतात जम्बु आणि जम्बू दोन्ही आहेत, त्यामुळे जंबुद्वीप आणि जंबूद्वीप दोन्ही चालतील. मराठीत ऱ्हस्व रुळलंय. एकदा एक निवडलंत की चारही पानांवर तेच ठेवा, एवढंच. उच्चारात मात्र सांभाळा : जांभूळमधला ज ‘जागा’तला, जंबूमधला ज ‘जीव’मधला. एकाच झाडाची दोन नावं, एक घरात वाढलेलं, एक पोथीत.
आणि काकांना हेही सांगा, की त्रिलोकप्रज्ञप्ती या जैन ग्रंथाच्या परंपरेत, ज्यावरून द्वीपाचं नाव पडलं तो उत्तरकुरू प्रदेशातला जंबुवृक्ष वनस्पती नाहीच. पृथ्वीकायिक, म्हणजे मातीदगडाच्या जातीचा, रत्नमय, अनादि. त्याला खायची जांभळं लागत नाहीत. ‘जांभळाचं’ हाही शब्द गेला.

सदाशिवातला :
एक शंका. आमच्याकडे सत्यनारायणाला गुरुजी संकल्पात ‘भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतात. म्हणजे आपण पाटावर बसून पत्ताच सांगत असतो. तेच का हे जंबुद्वीप?

व्युत्पत्तीवेडा :
नाव तेच, मधे मेरू तोच, भोवती खारा समुद्रही तोच. पुढे वाटा फुटतात. पुराणांत द्वीपं सात : जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. समुद्र उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्याचे. जैन गणतीत द्वीपं असंख्य, आणि माणसाला त्यांतल्या अडीचच द्वीपांत जागा. पुष्करवर द्वीपाच्या बरोबर मध्यातून मानुषोत्तर पर्वत गोल फिरतो. त्याच्या पलीकडे माणूस नाही. जंबू एक, धातकी दोन, अर्धं पुष्कर. अढाई द्वीप. व्यास 45 लाख योजनं. वरचे आकडे दोन्ही बाजूंनी मिळवून पाहा.
आता यातला मराठी माणसाचा ऐवज. आपण बाजारात ‘अडीच किलो’ म्हणतो तो अडीच कुठून आला? संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे ज्यातलं तिसरं अर्धं आहे असं. प्राकृतात अड्ढाइज्ज. त्यावरून अडीच. प्राकृतातली ‘अड्ढाइज्ज दीव’ ही जोडी तशीच्या तशी मराठीत ओढली तर ‘अडीच दीव’ होते. पहिली दोन सबंध, तिसरं निम्मं, असा हिशेब त्या शब्दाच्या पोटातच आहे. (संतांचा ‘औट हात’ देहही याच चालीचा : अर्धचतुर्थ, साडेतीन.) तेव्हा पत्रकात ‘अढाई द्वीप’ न लिहिता बेलाशक ‘अडीच द्वीप’ लिहा. ते भाषांतर नाही, घरचंच आहे.

मेरठात मराठी :
व्युत्पत्तीवाल्या दादांना एक विचारतो. हस्तिनापूर गंगेच्या जुन्या पात्राच्या काठी, गंगा-यमुनेच्या दुआबात आहे. दुआब म्हणजे फारसी दो + आब, दोन पाणी. हे तुमच्या द्वि + अप् सारखंच झालं की.

व्युत्पत्तीवेडा :
मीच म्हणायला हवं होतं हे! होय. फारसीतला दो आणि संस्कृतातला द्वि एकाच घरचे, आब आणि अप् हेही सख्खे. दुआब आणि द्वीप हा एकच शब्द दोन भाषांनी आपापल्या परीनं जुळवलाय. म्हणजे तिथं दुआबात द्वीप बांधलंय. बांधणाऱ्यांच्या मनात हे असण्याचं कारण नाही, स्थानाचं कारण वेगळं आहे : शांतिनाथ, कुंथुनाथ, अरनाथ या तीन तीर्थंकरांची प्रत्येकी चार कल्याणकं (जन्म, दीक्षा अशा आयुष्यातल्या मंगल घटना) तिथली, आणि ऋषभदेवांचा पहिला आहारही तिथलाच. राजा श्रेयांसानं दिलेला उसाचा रस, अक्षय्य तृतीयेचा.

मेरठात मराठी :
ऊस आजही आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना.

सांगलीकर :
‘तीन लोक’चं राहिलं.

ओढ्याकाठी :
‘त्रैलोक्य’ लिहा की. आरतीत, स्तोत्रांत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ‘लोक’ हा शब्द मराठीत माणसांनी इतका भरून टाकलाय की जगाला त्यात जागा उरली नाही. परलोक, इहलोक अशा जोडशब्दांतच तेवढं जग उरलंय.

व्युत्पत्तीवेडा :
‘त्रैलोक्य रचना’ला माझंही मत. आतल्या मजकुरात मात्र एक खड्डा आहे, तो सांभाळा. लोकाची, म्हणजे जैन विश्वाची, उंची 14 ‘राजू’ (हे अंतराचं माप) असं हिंदीत लिहिलेलं असेल. तसंच ठेवलंत तर ‘तीन लोक’मधला एक जण राजू निघेल. मूळ शब्द रज्जू, दोरी. मराठीत 14 रज्जू लिहा.
आणि ‘रज्जू’ परका वाटत असेल तर जीवशास्त्राचं पुस्तक उघडा. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या दोरीला आपण काय म्हणतो? मेरुरज्जू. मेरू आणि रज्जू दोन्ही. लोकाची आकृती म्हणजे पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष, हे चित्र तुमच्या बस्तीत टांगलेलं असेलच. माळेतला ओलांडायचा नाही तो मेरुमणीही यातलाच. तत्त्वार्थात जंबुद्वीपाला ‘मेरुनाभि’ म्हटलंय, ज्याची नाभी मेरू आहे असं.

सदाशिवातला :
पत्रकात ‘नसिया’ असा एक शब्द असेल, तो काय? मागे एकानं ‘नासिक’चा अपभ्रंश म्हणून सांगितलं होतं.

व्युत्पत्तीवेडा :
छे हो. निषद्या, निषीधिका या कुळातला. बसण्याची, देह ठेवण्याची पवित्र जागा. दक्षिणेत शिलालेखांत ‘निसिधि’ म्हणून भेटतो.

मेरठात मराठी :
हस्तिनापूरच्या चार नसिया जंबुद्वीपात नाहीत, जुन्या बड्या मंदिराकडून पुढे आहेत. ते मंदिर 1801 चं, शाह आलमचे खजिनदार राजा हरसुखराय यांच्या काळातलं. मंडळी जंबुद्वीप पाहून परत फिरतात आणि ते राहून जातं, तेव्हा पत्रकात ठळक लिहा.

सांगलीकर :
लिहितो. शेवटी नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीचीही दोन ओळींत आठवण घालतोय. 108 फुटी ऋषभदेवांची मूर्ती ज्ञानमती माताजींच्याच प्रेरणेची, 2016 ची, आणि आमच्या गाडीतली निम्मी मंडळी तिथं जाऊन आलेली आहेत.
मथळा ठरला : ‘जंबुद्वीप रचना, हस्तिनापूर’. आत अडीच द्वीप, त्रैलोक्य, 14 रज्जू. काकांनी सगळं वाचून घेतलं आणि म्हणाले, ते सगळं असू दे, पण मी नावेत बसून ज्याच्याभोवती फिरणार, जे मला चारी बाजूंनी पाण्यात दिसणार, त्याला मी काय म्हणू? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा तिसऱ्या पानावर, नावेच्या तिकिटाच्या ओळीत, काकांचं ‘बेटाला फेरी’ ठेवलंय.

शंकेखोर :
काकांना माझा नमस्कार सांगा.