साठीनंतर सुतारकाम शिकताना: आधी हातहत्यारं की आधी यंत्रं?

काटकोन:
निवृत्तीनंतर सुतारकाम शिकायला घेणाऱ्यांनी पहिले सहा महिने विजेवरच्या करवतीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. कुणाची ऑर्डर पुरी करायची नाही, मग घाई कशाची? पहिले काही आठवडे फक्त धार लावायला शिका. बोथट पटाशीला (लाकूड तासायच्या छिन्नीला) जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटून हातात घुसते.

पटाशीची सपाट पाठ टोकाकडे इंचभर दगडावर घासून चकचकीत करा. अख्खी पाठ घासत बसू नका. मग १००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडावर पातं ३० अंशांत धरून, पाठीकडून बोट फिरवल्यावर बर, म्हणजे धारेवर उलटलेली धातूची बारीक कडा, लागेपर्यंत घासा. बर पूर्ण रुंदीभर लागली पाहिजे. एका कोपऱ्यात लागत नसेल तर तिथे धार आलेलीच नाही, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. शेवटी ६००० च्या दगडावर दोन्ही बाजूंनी हलका हात देऊन बर काढा. धार तपासायची ती मऊ लाकडाच्या टोकाच्या छेदावर. तिथून पातळ, अखंड साल निघायला हवी. तंतू दबून भुगा झाला तर परत दगडावर.

पट्टाकरवत:
धारेबद्दल शंभर टक्के सहमत, पण सहा महिन्यांच्या बंदीबद्दल अजिबात नाही. २५ मिमी जाडीची, मीटरभर लांब फळी हातकरवतीने लांबीत चिरून बघा. खांदा भरून येतो. बोटांचे सांधे आखडलेले असतील तर मूठ घट्ट आवळली जाते, आणि मूठ आवळली की करवत रेघ सोडते. अशा माणसाला बंदी घातली तर तो महिनाभरात छंदच सोडून देईल.

सगळी यंत्रं एका मापाने मोजू नका. टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) नवशिक्याने टाळावा हे मलाही पटतं: काप मागे मिटला किंवा लाकूड तिरकं झालं की पात्याचे मागचे दात ते उचलून थेट अंगावर फेकतात. बँड सॉमध्ये दात्यांचा अखंड पट्टा वरून खाली फिरतो आणि लाकूड टेबलावर दाबतो, त्यामुळे ते असं उलटं फेकलं जात नाही. गार्ड (पट्टा झाकणारं आवरण) लाकडाच्या वर ६ मिमीपर्यंत उतरवा, बोटं पट्ट्याच्या रेषेत ठेवू नका, शेवटचा तुकडा काठीने ढकला. गोल दांडा मात्र व्ही आकाराच्या खाचेत बसवल्याशिवाय कापू नका, पट्टा तो गरकन फिरवतो. आणि फिरत्या यंत्रापाशी हातमोजे कधीही नकोत.

बारीक भुसा:
तुम्ही दोघं बोटांबद्दल बोलताय, मला फुप्फुसांची काळजी आहे. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती पहिल्या गटात टाकली आहे. रंध्यातून ढलप्या निघतात, त्या खाली पडतात. सँडरची (घासकाम करणाऱ्या यंत्राची) पिठासारखी धूळ तासन्‌तास हवेत तरंगते. म्हणून यंत्र घ्यायच्या आधी धूळ ओढायची सोय करा, आणि एन-९५ मास्क यंत्र बंद झाल्यावरही काही वेळ तोंडावर राहू द्या. एक वेगळी गोष्ट, पण सांगितलीच पाहिजे: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. एकेक पसरून बाहेर वाळवा.

काटकोन:
बँड सॉचा मुद्दा मान्य. सांधे दुखत असतील तर लांब चिरकाम त्याच्यावर होऊ दे. पण जोड हातानेच शिका. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायच्या जोडात खाच फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश रुंद, आणि आखणी पेन्सिलीने नको, सुरीने. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. सुरीच्या चिरेत पटाशीचं टोक आपोआप बसतं.

पट्टाकरवत:
सुरीची ती चीर साठीच्या डोळ्यांना दिसली पाहिजे ना! वरचा दिवा सावली मारतो. बाकाच्या एका बाजूला, लाकडाच्या पातळीवर दिवा ठेवा. तिरप्या उजेडात चीर काळी उठून दिसते. बहुतेकांना बाकापाशी वाचायच्या चष्म्याहून थोडा लांबचा नंबर लागतो. डोळे तपासताना बाकापर्यंतचं अंतर टेपने मोजून सांगा. आणि खाचेतलं लाकूड आधी ड्रिल प्रेसने (स्टँडवर बसवलेल्या भोकं पाडायच्या यंत्राने) काढा, भिंती तेवढ्या पटाशीने साफ करा. मनगटाची निम्मी मेहनत तिथेच वाचते.