मदत हवी आहे: भाऊ १८ वर्षांचा झाला, आता पालकत्वाचा दाखला कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत बौद्धिक अक्षमताही. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ८० टक्के अपंगत्व नोंदवलं आहे. गेल्या महिन्यात त्याला १८ पूर्ण झाली आणि बँकेने आईला सांगितलं, "आता तो सज्ञान, त्याची सही आणा." पेन धरता येत नाही त्याला! अंगठा चालेल का विचारलं, तर व्यवहार त्याला समजतो का हा पुढचा प्रश्न. आई तीन खेपा घालून रिकाम्या हाताने परतली.

चौकशीत एवढं कळलं की १८ नंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी ही सोय आहे. इतकी वर्षं शाळेत, दवाखान्यात कुणी हे बोललं नव्हतं.

सातारा जिल्ह्यात कुणी हा दाखला काढलाय का? अर्ज नक्की कुठे द्यायचा, समितीसमोर भावाला नेलंच पाहिजे का? घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्याला उचलून उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणून विचारते. वडील नाहीत, एकट्या आईच्या अर्जावर काम होतं की माझंही नाव घालावं? आईचं वय ६१ आहे, तिच्यानंतरचाही विचार डोक्यात आहेच.

शिवाय राष्ट्रीय न्यासाचा निरामय हा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यातून फिजिओथेरपीचा खर्च कुणाला प्रत्यक्ष परत मिळालाय का? बिलं कशी जोडली तेही सांगा.