'इंटिग्रेटिव्ह न्यूट्रिशन'मध्ये मास्टर्स: बेळगाव भागातल्या मुलांनी करावं की साधं डाएटेटिक्सच बरं?

शहापूर_खडेबाजार

बी.एस्सी. किंवा बीएएमएस झालेल्या मुलांपुढे सध्या दोन पाट्या आहेत. एकीवर 'क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स', दुसरीवर 'न्यूट्रिशन अँड इंटिग्रेटिव्ह हेल्थ', म्हणजे पोषणशास्त्राच्या जोडीला आयुर्वेद, योग, औषधी वनस्पती, सवयी बदलण्याचं समुपदेशन. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागाला दुसरीचीच गरज जास्त.

इथला मधुमेही पेशंट मेटफॉर्मिनची गोळी घेतो, वर कारल्याचा रस पितो, रात्री त्रिफळा. डॉक्टरला रस सांगत नाही, वैद्याला गोळी सांगत नाही. दोन्ही ऐकून घेणारा माणूस पाहिजे. दुसरं, छापील डाएट चार्टात ओट्स आणि ब्राउन ब्रेड, आणि घरात ज्वारीची भाकरी, अंबील, शेंगदाण्याची चटणी. तो चार्ट पहिल्या आठवड्यात फ्रीजवर, दुसऱ्या आठवड्यात रद्दीत.

आयुर्वेदात आहाराचा विचार नुसता 'गरम-थंड' असा नाही. चरकाच्या विमानस्थानात आठ अंगं दिली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था (जेवणाचे नियम), उपयोक्ता (खाणारा). यातलं 'राशी' म्हणजे प्रमाण, 'करण' म्हणजे शिजवण्या-आंबवण्याचे संस्कार. आहाराचा इतिहास घ्यायला याहून चांगली प्रश्नावली कुठं आहे? शिवाय आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था खुद्द बेळगावातच आहे. पाया इथं तयार आहे.

दुसरं_रेल्वेगेट

चार्ट वाईट म्हणून डिग्री बदलायची? चार्ट बदला की.

नावापेक्षा वॉर्डात काय करावं लागतं ते बघू. किडनीचा पेशंट घ्या, वजन ५५ किलो, मधुमेह नाही, डायलिसिस अजून सुरू नाही. प्रथिनं किलोमागे साधारण ०.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३३ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की तोच हिशोब उलटतो: किलोमागे १.० ते १.२, म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. बहुतेक ठिकाणी चूक नेमकी इथं होते. 'किडनीला डाळ वाईट' हे घरच्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की डायलिसिसवरही डाळ, अंडं बंदच राहतं आणि पेशंटचं मांस झडत जातं.

आता पोटॅशियम, जे बिघडलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. भाजी सोलून पातळ चिरायची, दहापट कोमट पाण्यात निदान दोन तास भिजवायची, ते पाणी ओतून टाकून पाचपट नव्या पाण्यात शिजवायची, तेही पाणी टाकायचं. हे सगळं केलं आणि वर 'लो-सोडियम' मीठ घातलं तर मेहनत वाया, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. आणि 'सैंधव चालतं' असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीवाल्याला त्यानं सूट मिळत नाही.

हे बायोकेमिस्ट्री आणि वॉर्डातल्या तासांशिवाय येत नाही. इंटिग्रेटिव्हच्या माहितीपत्रकात 'होलिस्टिक' शब्द किती वेळा आलाय ते मोजू नका, हॉस्पिटल पोस्टिंगचे तास मोजा.

खानापूरकर_८६५

कायद्याचं कोणी बोलेना, म्हणून थोडं.

२०२१ चा नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आहे. त्यात डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट ही नावं पोषण व्यावसायिकांच्या गटात आहेत, 'इंटिग्रेटिव्ह हेल्थ' असा वेगळा गट नाही. त्या कायद्यात 'हेल्थकेअर प्रोफेशनल'साठी किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली पदवी अपेक्षित आहे. राज्य कौन्सिलची नोंदणी या तासांवर आणि विषयांवर बघितली जाणार, पाटीवरच्या नावावर नाही.

आणि घरबसल्या ऑनलाइन मास्टर्स करू म्हणणाऱ्यांसाठी: जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं फूड अँड न्यूट्रिशन, क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स हे विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली आहे. तरीही 'वीकेंड मास्टर्स'च्या जाहिराती दिसतात. पैसे भरण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि कोणत्या पद्धतीची, हे लेखी मागा.

चिकोडी_बीएस्सी

अमेरिकेत याच नावाची डिग्री आहे म्हणतात. ती चालते का? आणि केमिस्ट्रीवाल्याला इकडं कुठं ॲडमिशन मिळंल?

निपाणी_स्टँड

अमेरिकेचं सांगतो. मेरीलँडमध्ये या नावाची एम.एस. निघाली, खरं आहे. पण तिथं दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची भेळ करतात. आरडीएन, म्हणजे नोंदणीकृत डायटिशियन, व्हायचं तर १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्स सक्तीचं, अभ्यासक्रम एसीईएनडी या तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेनं मान्य केलेला पाहिजे, देखरेखीखाली किमान १००० तास काम, मग परीक्षा. दुसरा रस्ता सीएनएस, म्हणजे सर्टिफाइड न्यूट्रिशन स्पेशालिस्ट. त्यालाही मास्टर्स, १००० तास आणि परीक्षा, पण बोर्ड वेगळं. इंटिग्रेटिव्ह पदव्या बहुधा या दुसऱ्या रस्त्याला लागतात. त्यावर लायसन्स मिळतं की नाही हे राज्याराज्याप्रमाणे बदलतं.

म्हणजे तिथलं 'इंटिग्रेटिव्ह' तासांतून सुटका देत नाही. आपल्याकडं नाव आयात झालं, तास विमानतळावरच राहिले. तिकडची पदवी घेऊन इकडं परत यायचं असेल तर समकक्षता प्रमाणपत्राचा (परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असा दाखला) विचार आधी करा, फी नंतर.

शहापूर_खडेबाजार

तासांचा मुद्दा मान्य. पण @दुसरं_रेल्वेगेट, तुमच्या वॉर्डात ज्येष्ठमधाचा काढा घेणारा पेशंट येतो तेव्हा कोण विचारतं? ज्येष्ठमधानं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. सोबत लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी' असली तर दुहेरी. तुम्ही दोन पाण्यांत भाजी उकळून पोटॅशियम काढायला सांगताय, आणि हृदयाच्या पेशंटचं ते काढ्यानं आधीच खाली गेलेलं असू शकतं! थायरॉइडची गोळी अन् कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हे पाठ्यपुस्तकात आहे, अश्वगंधेनं थायरॉइड संप्रेरक वाढू शकतात हे किती डायटिशियन विचारतात?

दुसरं_रेल्वेगेट

हे विचारायला फार्माकॉलॉजी पाहिजे, प्रकृतिपरीक्षण नव्हे. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

गुळवेलीचं आठवा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या केसेस छापल्या. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, जवळची दुसरी जात असू शकते. इथं दोन्ही बाजूंचा कागद वाचून मत बनवायला संशोधनपद्धती, जैवसांख्यिकी आणि वनस्पतीची ओळख, तिन्ही लागतात. एका सेमिस्टरच्या 'हर्बल मॉड्यूल'मध्ये यातलं काय येतं? वनस्पतींची यादी आणि त्यांचे 'फायदे'.

वडगाव_वैद्य

दोघंही बीएएमएसवाल्यांना विसरलात. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप केलेल्यानं पुन्हा 'इंटिग्रेटिव्ह' शिकायचं म्हणजे घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत विकत घ्यायचं. त्याला आहारातच काम करायचं असेल तर एआयएपीजीईटी ही आयुषची प्रवेश परीक्षा देऊन स्वस्थवृत्तात, म्हणजे निरोगी राहण्याच्या आयुर्वेदीय शाखेत, तीन वर्षांचं एम.डी. करावं. पथ्यापथ्य, सार्वजनिक आरोग्य, योग सगळं त्यात आहे, आणि पदवीला कायद्याचा आधार आहे. कमी पडतं ते एकच: नळीनं दिला जाणारा आहार आणि अतिदक्षता विभाग. तिथं डायटिशियनला मान द्यावा.

जाता जाता, क्लिनिक काढल्यावर 'आहारानं मधुमेह मुळासकट बरा' अशी पाटी लावायचा मोह आवरा. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात अशा जाहिरातीला बंदी आहे, आणि मधुमेह त्या यादीत आहे.

दुसरं_रेल्वेगेट

वैद्यबुवा, नळीवरून आठवलं. घरी मिक्सरमध्ये केलेलं पातळ जेवण नळीतून देताना दोन गोष्टी बिघडतात. गाळलं नाही तर नळी तुंबते. पातळ करत गेलं तर उष्मांक निम्म्यावर येतात आणि घरच्यांना वाटतं पेशंट दोन लिटर 'जेवतोय'. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण उष्मांक दिले तर फॉस्फेट झपाट्यानं उतरतं, हृदयावर बेततं. म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी१), मग हळूहळू चढवत जायचं. याला कुठल्याही पॅथीचं नाव द्या, आकडे तेच राहतात.

खानापूरकर_८६५

@चिकोडी_बीएस्सी, तुमचं राहिलं. धारवाडच्या कृषी विद्यापीठात फूड अँड न्यूट्रिशनची एम.एस्सी. जवळ पडते, पण कृषी विद्यापीठांत पदवीचा विषय बघतात. केमिस्ट्रीवाल्यानं आधी पात्रतेचा तक्ता वाचावा. म्हैसूर विद्यापीठातही फूड सायन्स अँड न्यूट्रिशन आहे. मुंबईकडं जायचं तर एसएनडीटी, पण ते महिलांचं विद्यापीठ. सीमाभागाची जी 'टाइप-ई' सवलत ऐकता ती महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या केंद्रीय प्रवेशांसाठी. न्यूट्रिशनचे प्रवेश त्या प्रक्रियेतून होत नाहीत, म्हणून त्या भरवशावर राहू नका.

चिकोडी_बीएस्सी

म्हणजे धारवाड नाहीतर म्हैसूर. भाकरीनं साखर वाढत नाही असं आमच्याकडं सगळेच सांगतात, ते तरी खरं काय?

दुसरं_रेल्वेगेट

नाही. एनआयएनच्या (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं सुमारे ६८ ग्रॅम. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ४० ग्रॅम, जवळपास ५० ग्रॅम कोरड्या तांदळाइतकीच. फरक तंतूंचा: १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅम, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ च्या आत. साखर सावकाश चढते, पण चढते. तीन भाकऱ्या म्हणजे १२० ग्रॅम.

शहापूर_खडेबाजार

बघा, हा हिशोब भाकरीत सांगितलात तर लोक ऐकतात. माझं म्हणणं याहून वेगळं काय होतं? आधी साधी एम.एस्सी., इंटिग्रेटिव्ह नंतर, एवढं मी मागं येते. पण प्रबंधाचा विषय तरी इथला घ्या. ज्वारीची अंबील आंबवली की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह जास्त शोषलं जातं. किती तास आंबवायची, कुठल्या तापमानाला, हे मोजायला एम.एस्सी.चीच प्रयोगशाळा लागेल.

दुसरं_रेल्वेगेट

घ्या की. अंबिलीत मीठ किती पडतं तेही मोजा. सैंधव असलं तरी.