प्रतिक्रिया काळाचं मध्यमान (सरासरी) ३५१, पण नऊपैकी आठ जण ३१० च्या आतच. वहीत काय लिहू?

कृष्णाकाठ (सांगली)
बी.ए. मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे. नऊ जणांचा प्रतिक्रिया काळ (दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ), मिलिसेकंदात: २४०, २५५, २६०, २७०, २७५, २८०, २९०, ३१०, ९८०. मध्यमान ३५१.१, मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २७५. एकही आकडा दोनदा नाही, म्हणून बहुलांकाला (सर्वाधिक वेळा येणाऱ्या आकड्याला) "३ मध्यांक वजा २ मध्यमान" लावलं, तर १२२.८ आलं! प्रमाण विचलन (आकडे मध्यमानापासून किती पसरलेत त्याचं माप) मला २२३.२ येतं, मैत्रिणीला २३६.७. कोण चुकलं?

अजिंक्यतारा
१२२.८ आधी खोडा. सर्वांत कमी आकडाच २४० आहे, मग सर्वाधिक वेळा येणारी किंमत त्याच्याखाली कशी असेल? ते सूत्र वितरण थोडंसं कललेलं असेल तरच अंदाजाला चालतं. इथं "बहुलांक नाही" एवढंच लिहा.

मध्यमान गणिताने बरोबर आहे, पण ते एकट्या ९८० ने ओढलंय. तो वगळून करून बघा: मध्यमान ३५१.१ वरून २७२.५ वर येतं, मध्यांक २७५ वरून २७२.५ वर. म्हणून इथं मध्यांक पुढे ठेवा. प्रतिक्रिया काळाला खाली मर्यादा असते, वर नसते, त्यामुळे आलेखाची शेपूट उजवीकडेच, म्हणजे मोठ्या आकड्यांकडे लांबते.

हळदपेठ
प्रमाण विचलनात दोघींचीही आकडेमोड बरोबर आहे. विचलनांच्या वर्गांची बेरीज ४४८२३८.९. तुम्ही ९ ने भागलंत, मैत्रिणीने ८ ने. फक्त याच नऊ जणांचं वर्णन करायचं तर ९. हे नमुना म्हणून घेतले असतील तर ८, कारण विचलन नमुन्याच्याच मध्यमानापासून मोजल्यावर वर्गांची बेरीज शक्य तितकी लहान येते आणि पसरण कमी दिसते. एक्सेलमध्ये शेवटी "पी" असलेलं सूत्र ९ ने भागतं, "एस" असलेलं ८ ने. वहीत कोणतं वापरलं ते लिहा, निम्मे वाद तिथंच मिटतात.

कृष्णाकाठ (सांगली)
मग ९८० काढूनच टाकू का?

अजिंक्यतारा
मोठा आहे म्हणून नाही. नोंदवहीत बघा: दिवा लागला तेव्हा लक्ष नव्हतं, बटण नीट दाबलं गेलं नाही, असं काही लिहिलंय का? कारण सापडलं तर वगळा आणि वगळल्याचं लिहा. नसेल तर ठेवा, आणि मध्यांकासोबत चतुर्थक विचलन (पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातल्या फरकाचं निम्मं) द्या. मध्यांक सोडून खालचे चार, वरचे चार: पहिला चतुर्थक २५७.५, तिसरा ३००. फरक ४२.५, त्याचं निम्मं २१.२५.

हळदपेठ
एक्सेलच्या जुन्या चतुर्थक सूत्राने मात्र २६० आणि २९० येतील. घाबरू नका, पद्धत वेगळी आहे. वहीत हाताने केलेलंच ठेवा.

आणि ताई, त्याच तक्त्यात तालुक्याला मिरज १, तासगाव २, जत ३ असे क्रमांक दिले असतील तर त्यांचं मध्यमान काढू नका. २ आलं म्हणून सगळे तासगावचे होत नाहीत. तिथं बहुलांकच.