नाताळच्या बुफेला भाज्यांचं काय करू? (३० माणसं, सोसायटीचा हॉल)

बाणेरवासी
नमस्कार मंडळी, २५ तारखेला संध्याकाळी साडेसातला सोसायटीच्या हॉलमध्ये नाताळचं जेवण आहे, प्रत्येक घराने काहीतरी करून आणायचंय आणि माझ्या वाट्याला भाज्या आल्यात. मागच्या वर्षी मंचुरियन, चीज बॉल्स, व्हाइट सॉस पास्ता, आणि भाजी म्हणून काय तर काकडी-गाजराचे काप, ते पण सुकून वाकडे झालेले 😀 तिघाचौघा काकांना शुगर आहे, दोन घरं जैन आहेत, पोरांना हिरवं दिसलं की पोटात दुखतं. दिसायला नाताळसारखं हवं, तळलेलं नको, क्रीम नको. हॉलमध्ये एकच इंडक्शन आहे, बाकी सगळं घरून करून न्यायचं. यूट्यूबवर बघावं तर ब्रसेल्स स्प्राउट्स नि पार्सनिप, ते कुठे शोधत बसू?

कर्वेनगर_खादाड
नका शोधू. डिसेंबरात मंडईत जा, लाल-हिरवं सगळं आयतं मांडून ठेवलेलं असतं, लाल गाजरं, बीट, सासवडकडचा मटार, ओला हरभरा. गाजर, बीट, थोडं रताळं मोठे तुकडे करून तेल-मीठ-मिरपूड चोळा आणि ओटीजीत (म्हणजे घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) २०० डिग्रीवर अर्धा तास, मधे एकदा हलवा. ट्रेमध्ये गर्दी करू नका, तुकडे एकमेकांवर चढले की भाजत नाहीत, वाफेवर शिजतात आणि लिबलिबीत होतात (हे मी दोन किलो भाजी वाया घालवून शिकलोय). बीट वेगळ्या ट्रेमध्ये भाजा आणि वाढायच्या वेळी वरून पसरा, नाहीतर अख्खा ट्रे गुलाबी. गार झालं तरी चांगलं लागतं म्हणून बुफेला बरं. आणि हुरड्याचं सॅलड करा, हुरडा, डाळिंब, लिंबू, बास.

सिंहगड_रोड
हुरडा बुफेला?? अहो तो शेकोटीवरून हातात घेऊन चोळून खायचा प्रकार. गार झाला की चिवट होतो, काकांच्या कवळ्या निघतील. त्यापेक्षा ब्रोकोली घ्या, ती आता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही मिळते. उकळत्या मिठाच्या पाण्यात एकच मिनिट, झाकण न ठेवता, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, हिरवीगार राहते. लिंबू आधी पिळलंत तर काळपट पडेल, ते अगदी शेवटी. मोठ्या ताटात तुरे झाडाच्या आकारात लावायचे, मधे चेरी टोमॅटो, वर पनीरची चांदणी. पोरं झाड मोडायला म्हणून येतात आणि खातात.

कॅम्पातली_मावशी
आमच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळे आधी, केक नंतर 🙂 त्यामुळे हेल्दीबिल्दी मला विचारू नका, पण बुफेचं एक सांगते. टेबलाच्या मधोमध एक मोठं काहीतरी लागतं, नाहीतर सगळ्या वाट्या वाट्याच दिसतात. मी अख्खा फ्लॉवर करते. कोमट पाण्यात मीठ-हळद घालून पंधरा मिनिटं उपडा ठेवायचा, अळी असेल तर निघते. मग सात-आठ मिनिटं उकडून पूर्ण निथळू द्यायचा, इथे घाई केली की लेप घसरतो. चक्का, आलं-लसूण, हळद, तिखट, चमचाभर बेसन असा जाड लेप लावून २०० वर अर्धा-पाऊण तास, वरून काळे डाग पडेपर्यंत. डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, आणि केकसारखा सुरीने कापायचा. ३० माणसांना दोन लागतील. कोशिंबीर करणार असाल तर दही आणि मीठ हॉलमध्ये गेल्यावर घाला गं, घरून कालवून नेलीस तर तिथे सार होतं.

बिबवेवाडी_जैन
वरचं सगळं वाचून आमच्या ताटात काय आलं ते मोजलं. गाजर, बीट, रताळं बाद, आलं-लसूण बाद, फ्लॉवर-ब्रोकोलीही आमच्यातले बरेच जण खात नाहीत. उरलं डाळिंब 😀 लाल भोपळ्याच्या फोडी भाजा ना, जिरं, तीळ, मिरपूड लावून, सालासकट छान होतात, सोबत लाल-हिरवी ढोबळी मिरची. मटाराचं डिप करणार असाल तर त्यात दही नको, कच्चं दही आणि कडधान्य एकत्र आम्हाला चालत नाही, ओलं खोबरं आणि पुदिना घालून वाटा. आणि चमचे वेगळे ठेवा प्लीज. अजून एक, सध्या सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, साडेसातला जेवण म्हणजे चोविहार पाळणारे काही खाणारच नाहीत, त्यांना आधी विचारून घ्या.

बाणेरवासी
बापरे, ते चोविहारचं डोक्यातच नव्हतं, आत्ताच दोन्ही घरी फोन केला. एका घरी पाळतात, त्यांचे डबे पाच वाजताच वर नेऊन देणार. तर मग भोपळा-ढोबळी, मटार-खोबऱ्याचं डिप, ब्रोकोलीचं झाड आणि मावशींचा फ्लॉवर. रताळं शुगरवाल्या काकांमुळे गाळलं, बीट गुलाबी प्रकरणामुळे. मटार सोलून निम्मासुद्धा भरत नाही म्हणून दोन किलो शेंगा घेतेय. आता एकच, माझ्या ओटीजीत एका वेळी एकच फ्लॉवर मावतो, बाणेर-बालेवाडीकडे कोणी दुपारी चार ते पाच आपला ओटीजी उधार देईल का?

कर्वेनगर_खादाड
दिला असता, पण तुमच्याकडे पोचेपर्यंत युनिव्हर्सिटी चौकातच नवीन वर्ष उजाडेल.