चिटणीस हे आडनाव की हुद्दा?

सासरच्या आडनावाबद्दल विचारतेय. लग्नानंतर मी चिटणीस झाले. आमच्या सोसायटीच्या नोटिशीखाली नाव नसतं, नुसतं 'चिटणीस' छापतात, आणि मागच्या महिन्यात खालच्या काकू मला विचारत होत्या की पाण्याची वेळ तुमच्या ह्यांनी बदलली का. पेपरात तर रोजच सरचिटणीस असतात. आता लेक विचारतेय आपल्या आडनावाचा अर्थ काय, तर हे दोन्ही शब्द एकच आहेत का? नीट माहिती असेल तरच सांगा प्लीज, तिला चुकीचं सांगायचं नाहीये.

शब्दवेडा: एकच आहेत ताई. नवीस म्हणजे फारसीत लिहिणारा, त्याचंच आपल्याकडे नीस झालं. चिठ्ठ्या, पत्रं लिहिणारा तो चिटणीस. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, पोतनीस खजिन्याचा हिशेब ठेवणारा, फडणीस पण त्यातलेच. नाना फडणवीसांचं आडनाव खरं तर भानू, पण हुद्दाच नावाला चिकटला तो कायमचा. नागपूरकडे चिटणवीस म्हणतात बघा, त्यात तो 'व' अजून शाबूत आहे. लेकीला बाळाजी आवजींबद्दल जरूर सांगा, शिवाजी महाराजांचे चिटणीस, आणि त्यांच्यानंतर मुलगा खंडो बल्लाळ पण त्याच कामावर. असा हुद्दा बापाकडून मुलाकडे जायचा म्हणून तर त्याचं आडनाव झालं.

मोडीप्रेमी: वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली, सुरनीस झाले सचिव, वाकनीस झाले मंत्री. चिटणीस मात्र तसाच राहिला आणि आज सचिवाच्या जोडीने वापरात आहे, मला याचं फार कौतुक वाटतं. आणि हो, असल्या आडनावावरून जात ओळखायला जाऊ नये, कुलकर्णी देशपांडे जसे वेगवेगळ्या समाजांत आहेत तसंच हे, काम ज्याच्याकडे त्याचं ते नाव.

शुद्धलेखन_९: लिहिताना एक बघा, हुद्दा असेल तर 'चिटणिसांना भेटा' असं णि ऱ्हस्व होतो, गरीबचं गरिबांना होतं तसंच. आडनावात मात्र बरेच जण दीर्घच ठेवतात, 'चिटणीसांकडे जेवायला गेलो' असं. माझं मत, घरच्यांना जसं आवडतं तसं लिहावं, नाव त्यांचं आहे.

मूळ धागाकर्ती: मनापासून आभार सगळ्यांचे. लेकीला रात्रीच वाचून दाखवलं, तिने वहीवर नाव घातलं आणि त्याखाली कंसात 'पत्रं लिहिणारे' असं लिहिलंय. आता आजोबांना पत्र लिहायला बसलीये.